जुनं कौलारू घर घेताय? आधी जुलैत बघा

भाड्याने द्यायला कोकणात जुनं घर घेणारे बहुतेक जण ते मे महिन्यात बघतात. तेव्हा अंगण सारवलेलं, भिंती कोरड्या, सगळं छान. खरा खर्च छपरात असतो आणि तो झडीच्या पावसातच कळतो.

१. भर पावसात माजघरात अर्धा तास उभे राहा. दिवे बंद, दारं-खिडक्या लावलेल्या. जिथे थेंब पडतो तिथे जमिनीवर खडूने खूण करा आणि वर फोटो काढा. पाणी रिपेवरून (कौलं टेकतात ती आडवी पट्टी), वाशावरून (छपराचं उतरतं लाकूड) ओघळत येतं, म्हणून फुटकं कौल थेंबाच्या नेमकं वर नसतं. आढ्याच्या, म्हणजे छपराच्या सगळ्यात उंच कण्याच्या दिशेने शोधा.

२. वाशांची भिंतीवर टेकलेली टोकं स्क्रूड्रायव्हरने टोचा. पातं सहज आत गेलं, भुसा निघाला, तर तो वासा गेला. मधला भाग टणटणीत असला तरी फसू नका. वाळवी बहुधा भिंतीतूनच चढते.

३. जांभ्याच्या भिंतीवर ओल कुठवर चढलीय तिथे रेघ मारा. त्यावर घाईने सिमेंटचा गिलावा करू नका, ओल आत कोंडते.

पाऊस सरला की खुणांवरून शोधलेली फुटकी कौलंच बदला. उतरवलेली धड कौलं मात्र जपून रचून ठेवा, कारण दुसऱ्या कारखान्याचं कौल जुन्या कौलांच्या खाचेत नीट बसत नाही.

आणि हो, ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा म्हणजे मालकी नव्हे. घराखालच्या जमिनीच्या सातबाऱ्यावरची सगळी नावं वाचा; त्यात नाव असलेल्या, विकणाऱ्याच्या मुंबईतल्या चुलत्यांच्या सह्या मिळाल्याशिवाय विसारही (आगाऊ रक्कम) देऊ नका.