स्वतः बांधायची स्प्रंग फ्लोअर: फोमचे ठोकळे आणि प्लायचे दोन थर

कोब्यावर थेट चिकटवलेले व्हायनिल किंवा लाकूड दिसायला कितीही देखणे असो, उडीवरून उतरणाऱ्या नर्तकाच्या पायाला ते काँक्रीटच लागते. नडगी, घोटा, गुडघा, कंबर यांवर तो मार रोज थोडा थोडा साचत जातो. स्प्रंग फ्लोअर म्हणजे खोलीएवढी एक ताठ फळी. ती शेकडो मऊ ठोकळ्यांवर टेकलेली असते. भिंतीला, कोब्याला, उंबरठ्याला कुठेही अडकलेली नसते. अशा जमिनीचे बहुतेक बिघाड शोधत गेले की शेवटी तेच सापडते: कुठेतरी काहीतरी अडकले आहे.

फोमचा अखंड थर अंथरून वर प्लाय टाकला तर काम सोपे होईल, असे वाटते. पण अखंड थरात वजन इतक्या मोठ्या क्षेत्रावर पसरते की फोम जेमतेम दबतो. फार मऊ फोम घ्यावा, तर तोल सावरताना पाय डगमगतो. म्हणून ठोकळे. पट्ट्यांचे तीन आडवे-उभे थर रचून केलेली जुनी लाकडी पद्धतही उत्तम आहे, पण तिला उंची जास्त लागते, बिनगाठीचे लाकूड लागते आणि मुरलेला सुतार लागतो. पहिल्यांदाच करणाऱ्याने ठोकळ्यांचीच करावी.

सामान (२० × १६ फूट खोलीसाठी)

- १२ मिमी वॉटरप्रूफ प्लाय, ८ × ४ फुटी: एका थराला १०, दोन थरांना २०, कापाकापीसाठी २ जास्त. एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड नको. त्यात स्क्रू सैल होतात आणि ओल लागली की कडा फुगतात.
- २५ मिमी जाडीचा बंद पेशींचा, म्हणजे आतले बुडबुडे एकमेकांना न जोडलेला, फोम (ईव्हीए किंवा क्रॉसलिंक्ड पॉलिथिन): ७५ × ७५ मिमीचे सुमारे ४५० ठोकळे. २ × १ मीटरच्या तावातून ३३८ निघतात, म्हणजे दीड ताव पुरे. गादीचा फोम आणि थर्मोकोल दोन्ही बाद: पहिला लगेच बसतो, दुसरा चुरतो.
- १५० मायक्रॉन पॉलिथिन, ३५ चौ. मी.
- २० मिमी काउंटरसंक (डोके लाकडात बसणारे) स्क्रू, ९०० नग. दोन थर मिळून २४ मिमी होतात. २५ मिमीचा स्क्रू घेतला की टोक खाली डोकावते, पॉलिथिन फाडते आणि उडीगणिक कोब्यावर टकटक करते.
- फोमसाठी कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह, प्लायसाठी लाकडाचा पांढरा गोंद, सांध्यांसाठी चिकटपट्टी.

आधी एक फळी करून पाहा

सगळे ठोकळे कापण्याआधी ४५च कापा. एका प्लायखाली एकेक फुटावर (९ × ५) ठेवा, वर दुसरा प्लाय टाकून पाचपंचवीस स्क्रू मारा. ठोकळ्यांच्या मधल्या जागेत २५ मिमी उंचीचा मातीचा गोळा ठेवा आणि वर्गातल्या सर्वांत वजनदार नर्तकाला मधोमध उड्या मारू द्या. गोळा ४–६ मिमी चेपला तर ठीक. १० मिमीच्या पुढे गेला किंवा खालून ‘धप्प’ आले, तर फोम मऊ आहे. अधिक घनतेचा घ्या. काहीच चेपला नाही, तर फोम बदलण्याआधी ठोकळा ६० किंवा ५० मिमीचा कापून पाहा, कारण ठोकळा जितका लहान तितकी जमीन मऊ. फक्त लहान मुलांचा वर्ग असेल तर बहुधा इथेच यावे लागते. सुट्या फळीच्या कडा मोकळ्या असल्याने ती पूर्ण जमिनीपेक्षा थोडी जास्त दबते, हे धरून चाला.

तुलनेसाठी: बंदिस्त क्रीडा-जमिनींच्या ईएन १४९०४ या युरोपीय मानकात आघात २५ ते ७५ टक्के कमी व्हावा आणि जमीन ५ मिमीपेक्षा जास्त दबू नये, अशी अट आहे. ती मोजणी खास यंत्राने होते. मातीचा गोळा फक्त घोडचूक टाळतो.

कोबा

दोन-तीन मीटरची सरळ पट्टी सगळीकडे फिरवा. ३ मिमीपेक्षा खोल खळगा असेल तर सेल्फ-लेव्हलिंग (आपोआप सपाट पसरणाऱ्या) मसाल्याने भरा. उंचवटा घासून काढा. खळग्यावरचा ठोकळा अधांतरी राहतो आणि नेमका तिथे पाय फसतो. ओल पाहायला दीड फुटी पॉलिथिनचा तुकडा चारही कडांनी चिकटवून २४ तास ठेवा. खाली दव धरले किंवा कोबा काळवंडला, तर आधी ओलीचे मूळ शोधा. पॉलिथिन वाफ अडवते, गळती नाही. प्लायही दोन-तीन दिवस त्याच खोलीत, मध्ये पट्ट्या घालून, रचून ठेवा.

मग झाडून, पुसून पॉलिथिन अंथरा. २०० मिमी एकावर एक, सांध्यांना चिकटपट्टी, भिंतीवर ५० मिमी चढते. एवढासा खडा राहिला तरी नंतर तो ऐकू येतो.

खालचा थर

ठोकळे प्लायच्या खालच्या अंगाला चिकटवा, कोब्याला नाही. प्रत्येक प्लायवर दोरी मारून एक फुटाची चौकट आखा आणि जिथे रेघा छेदतात तिथे ठोकळा लावा. दोन प्लाय जुळतात तिथे ठोकळा अर्धा या प्लायखाली, अर्धा त्या. सांधा कधीही अधांतरी नको. भिंतीलगत मात्र ठोकळा पूर्ण आत आणि अंतर सहा इंच, कारण तिथली कड पुढे आधार नसल्याने जास्त लवते.

प्लाय खोलीच्या लांबीत घाला: पहिली ओळ ८ + ८ + ४, दुसरी ४ + ८ + ८, याच क्रमाने चार ओळी. चारही भिंतींपासून १२ मिमी मोकळे, दोन प्लायमध्ये २ मिमी. कापाकापी भिंतीकडच्या तुकड्यातच करा. थर सरकू नये म्हणून भिंतीलगतच्या फटीत १२ मिमीच्या पाचरी ठोका.

वरचा थर

इथे घाई करणारे हमखास फसतात. वरचे प्लाय आडवे, म्हणजे १६ फुटांच्या दिशेने, घालायचे. पण भिंतीपासून पूर्ण प्लायने सुरुवात केली तर वरचे सांधे ४, ८, १२, १६ फुटांवर पडतात, आणि खालचेही तिथेच असतात. सांध्यावर सांधा आला की जमीन त्या रेषेवर बिजागरीसारखी वाकते. म्हणून पहिली ओळ २ फूट रुंदीची चिरून घ्या, मग चार पूर्ण ओळी, शेवटी पुन्हा २ फुटी. लांबीतले तुकडे एका ओळीत ६ + ८ + २, पुढच्या ओळीत २ + ८ + ६. अशाने खालचा-वरचा एकही सांधा एका रेषेत येत नाही, आणि प्लाय तेवढेच दहा लागतात.

गोंद पूर्ण पसरून लावा. ठिपके दिले तर मधली कोरडी जागा कुरकुरते. स्क्रू कडेने १५० मिमीवर, मध्ये ३०० मिमीवर, डोके जेमतेम १ मिमी आत. प्लायच्या मधोमध सुरुवात करून कडेकडे या, नाहीतर मध्ये फुगा राहतो. जागा भाड्याची असेल तर गोंद टाळा: दोन थरांत क्राफ्ट पेपर घाला, स्क्रू सगळीकडे १५० मिमीवर मारा (मग ते दीडपटीहून जास्त लागतात), म्हणजे उद्या जमीन उचलून नेता येते.

पाचरी काढा. विसरलेली एकच पाचर तो सगळा कोपरा कडक करते.

पृष्ठभाग आणि कडा

स्क्रूचे खड्डे व सांधे पुट्टीने भरून घासा. बॅले, कंटेम्पररीसाठी नृत्याचे व्हायनिल: २४ तास सैल पसरून ठेवा, मग सांध्यांवर टेप, सगळीकडे गोंद लावायची गरज नाही. घरगुती व्हायनिल घसरते. टॅप नृत्याला आणि कथकच्या तत्काराला (पदन्यासाला) लाकडाचा नाद हवा, तिथे व्हायनिल नको. ६ मिमीचा बदलता येणारा प्लाय किंवा कडक लाकडाची पातळ पट्टी, वर मॅट पॉलिश.

स्कर्टिंग भिंतीला ठोका, जमिनीला नाही. खाली ३ मिमी फट ठेवा, हवाही खेळते. एकूण उंची ५० मिमीच्या आसपास जाते, तेव्हा दार खालून कापावे लागेल आणि उंबरठ्याशी उतार लागेल. १ : १२ धरला तर तो ६०० मिमी लांब होतो, तो कोब्यावर बसवा आणि जमिनीपासून ५ मिमी दूर ठेवा. बार (सरावात धरायचा आडवा दांडा) भिंतीवर लावा. जमिनीतून कोब्यात गेलेला एक बोल्टही तिथली उसळी घालवतो. पियानोसारखे कायमचे वजन फोमवर ठेवलेत तर खालचे ठोकळे हळूहळू बसतात आणि पुन्हा उठत नाहीत. तेवढ्या कोपऱ्यात २५ मिमी लाकडी ठोकळ्यांवरचा वेगळा चौथरा करा, मध्ये १० मिमी फट सोडून.