स्क्वॉशमध्ये लक्ष कुठे ठेवावे

कोर्टाबाहेरून कोणी ‘लक्ष दे’ असे कितीही ओरडले, तरी खेळणाऱ्याला त्याचा उपयोग होत नाही, कारण लक्ष कशाकडे द्यायचे हे त्या सूचनेत नसते. मन रिकामे राहत नाही. त्याला काम नेमून द्यावे लागते, आणि ते सरावातच अंगवळणी पडावे लागते.

सर्वांत मोठे काम चेंडूवर नजर ठेवण्याचे. बरेच हौशी खेळाडू फटका मारून ‘टी’वर, म्हणजे कोर्टाच्या मध्यभागी जिथे रेषा मिळतात तिथे, परततात आणि समोरच्या भिंतीकडे पाहत उभे राहतात. प्रतिस्पर्धी मागच्या कोपऱ्यात असेल, तर चेंडू पुढच्या भिंतीवर आदळेपर्यंत त्यांना काहीच कळत नाही आणि पहिले पाऊल उशिरा पडते. त्याऐवजी मान खांद्यावरून मागे वळवून प्रतिस्पर्ध्याची रॅकेट चेंडूला लागते तो क्षण पाहावा. त्याची छाती मागच्या कोपऱ्याकडे वळलेली दिसली, तर बहुधा बोस्ट, म्हणजे आधी बाजूच्या भिंतीला लागून पुढच्या भिंतीवर जाणारा फटका, येणार हे आधीच उमगते. हे संरक्षक चष्मा घालूनच करावे. चेंडूचा व्यास जेमतेम ४० मिलिमीटर असतो आणि तो डोळ्याच्या खोबणीत शिरू शकतो.

एकट्याचा सराव कंटाळवाणा असतो, आणि मला वाटते, म्हणूनच तो एकाग्रतेसाठी उत्तम. सर्व्हिस बॉक्सच्या (सर्व्हिससाठी जमिनीवर आखलेल्या चौकोनाच्या) मागे उभे राहून बाजूच्या भिंतीलगत सरळ ड्राइव्ह, म्हणजे खोलवर जाणारे फटके, मारत राहावे आणि चेंडूचा टप्पा दर वेळी बॉक्सच्या मागेच पडेल असे पाहावे. मोजणी मोठ्याने करावी; टप्पा पुढे पडला किंवा चेंडू भिंतीपासून रॅकेटच्या लांबीपेक्षा जास्त सुटला, की पुन्हा एकपासून सुरुवात करावी. सातव्या-आठव्या फटक्याला मन ‘आता वीस होतील’ असा हिशेब करू लागते आणि नेमका तिथेच चेंडू टिनवर, म्हणजे पुढच्या भिंतीच्या तळाशी असलेल्या पत्र्याच्या पट्टीवर, आदळून तो ओळखीचा खणखणाट होतो. आपले मन कितव्या फटक्याला भरकटते हे प्रत्येकाने स्वतःचे शोधून काढावे. दोन पिवळ्या ठिपक्यांचा चेंडू थंड असताना उसळतच नाही, त्यामुळे नवशिक्यांनी जास्त उसळणारा चेंडू घेतलेला बरा.

दोन रॅलींमधल्या काही सेकंदांसाठी ठरावीक क्रम असावा: एक दीर्घ उच्छ्वास, हाताचा घाम पुसणे, आणि पुढची सर्व्हिस कुठे करायची एवढाच निर्णय. पंचांनी नाकारलेल्या ‘लेट’चा (रॅली पुन्हा खेळू देण्याच्या मागणीचा) विचार त्यात बसवू नये.

दडपणाचा सराव मात्र जोडीदाराशिवाय होत नाही. २०२३ साली हांगझोऊ येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत पाकिस्तानविरुद्धच्या सांघिक अंतिम फेरीत निर्णायक लढतीच्या पाचव्या गेममध्ये भारताचा अभय सिंग ८-१० असा मागे होता. सलग चार गुण घेऊन त्याने तो गेम १२-१० असा जिंकला आणि मुंबईच्या महेश माणगावकरचा समावेश असलेल्या भारतीय संघाला सुवर्णपदक मिळाले. सरावात गेम शून्यापासून न खेळता थेट ८-१० पासून खेळावा. मागे असणाऱ्याने घाईने ड्रॉप, म्हणजे पुढच्या भिंतीजवळच पडणारा हलका फटका, मारून गुण संपवण्याचा मोह टाळावा आणि पहिले चार फटके मागच्या कोपऱ्यांतच ठेवावेत, पुढे असणाऱ्यानेही आपली सर्व्हिस आणि श्वास यांचा क्रम बदलू नये, आणि पाच-सहा गेमनंतर दोघांनी भूमिका बदलाव्यात.