जुना मायटर बॉक्स: काय पाहायचं, किती द्यायचे

अमेरिकेत जुन्या घरातलं सामान विकायला काढलं की गॅरेजच्या कोपऱ्यात कधी कधी एक बिडाचं धूड सापडतं. दोन उभे खांब, खाली कोनांच्या खुणांची कमान आणि खांबांत अडकवलेली लांबलचक करवत. हा मायटर बॉक्स. तसबिरीच्या चौकटीचे कोपरे हाताने, पण बिनचूक कापायचं साधन. विकणारा ‘अँटिक आहे’ म्हणतो, म्हणू द्या. आपण सुटे भाग मोजायचे.

आधी नाव आणि नंबर शोधा. स्टॅनली, मिलर्स फॉल्सचा लँग्डन, गुडेल-प्रॅट ही बनवणाऱ्यांची नेहमीची नावं. नंबरावरून सोबतच्या करवतीचं माप कळतं. स्टॅनली २४६ ची करवत २६ इंच लांब, ४ इंच रुंद. ३५८ ची २८ आणि ५. रुंदी मोजायची ती वरच्या जाड पाठीखालची.

खरी मेख इथेच आहे. पुष्कळ बॉक्सांबरोबर फिलाडेल्फियाच्या डिस्टन कंपनीची करवत येई आणि पात्यावरची अक्षरं अजून वाचता आली तर भाव चढतो. पण ५ इंचांचं पातं वर्षानुवर्षं कानस खाऊन ४ इंचांवर आलं असेल, तर ते तळाला पोचण्याआधीच अडू शकतं. पुढच्या टोकाला आणि मुठीजवळ, दोन्हीकडे मापा. एका बाजूला कमी भरलं तर धार लावणाऱ्याचा हात वाकडा होता. वरवरचा गंज घासून जातो. दातांच्या रेषेत गंजाने खड्डे पाडले असतील तर ती करवत शून्यात धरा. करवतच नसेल तर त्या मापाची शोधताना नाकी नऊ येतात.

मग बीड. माठ घेताना वाजवतो तसं लाकडाच्या तुकड्याने वाजवा. बद्द आवाज आला तर पायांपाशी आणि स्क्रूच्या भोकांपाशी तडा शोधा. पिवळी रेघ दिसली तर ती पितळेने सांधलेली जुनी मोड. खालची लाकडी फळी कुजली असली तरी चालेल, नवी बसवता येते.

करवत कोनात वळवणारा फिरता हात कमानीच्या प्रत्येक खाचेत खटकन बसला पाहिजे. काही कमानींवर अंशांजवळ ४, ६, ८ असे आकडे असतात. ते चौकटीच्या बाजू सांगतात: चौकोनाला ४५ अंश, षटकोनाला ३०, अष्टकोनाला २२.५. करवत वर धरून ठेवणारी खिटी आणि तुकड्याची लांबी ठरवणारी अटक हे भाग हटकून हरवलेले असतात. खिटी नसेल तर मी बराच भाव पाडतो.

परवानगी मिळाली तर एक रुंद फळी ९० अंशात कापा, एक तुकडा पालथा करून दोन्ही कापलेल्या कडा भिडवा. फट दिसली तर खरी चूक तिच्या निम्मी. थोडी असेल तर ती बहुधा जुळवून घेता येते.

आता किंमत. इंटरनेटवर मागितलेले भाव पाहू नका, विकले गेलेले पाहा. समजा, तोच नंबर पूर्ण अवस्थेत १०० डॉलरला गेला आहे. त्यातून धार लावण्याचे २५ आणि हरवलेल्या भागाचे २० वजा केले, उरले ५५. साफसफाईची आपली मेहनत धरून ४५ पासून बोलणी सुरू करा. पोस्टाने मागवणार असाल, भारतात तर नक्कीच, आधी भाडं विचारा. हे धूड जड आहे, आणि बीड वाटेत आपटलं तर तडकतं. करवत काढून वेगळी बांधायला सांगा.