पाणीपट्टीचा दर ठरवायचा कसा?

आधी वर्षाचा खरा खर्च काढा. पंपांचं लाईटबिल, क्लोरीन-तुरटी, पगार, दुरुस्ती हे सगळे धरतात, पण कर्जाचे हप्ते आणि जुन्या पाइपलाइन बदलायला बाजूला टाकायचे पैसे हमखास विसरतात, मग पाइप फुटला की पळापळ.

आता भागाकार, आणि खरी गोची इथंच आहे. खर्चाला सोडलेल्या पाण्यानं नाही, बिल झालेल्या पाण्यानं भागायचं. 100 लिटर सोडलं आणि गळती-चोरी जाऊन बिल 70 चंच झालं तर दर जवळपास 43 टक्के जास्त निघतो, म्हणजे गळतीचा भुर्दंड प्रामाणिक माणसावर, म्हणून आधी गळती काढा नि मीटर बसवा. मीटर नसेल तर बचतीच्या गप्पा मारूच नका, सरसकट पट्टी भरणारा नळ कशाला बंद करेल?

मग टप्पे. माणशी रोज 50 लिटर धरलं तर 5 जणांच्या घराला महिन्याला 7,500 लिटर लागतात, तेवढं स्वस्त ठेवा, पुढं दर चढवत न्या. फक्त एका मीटरवर दोन-तीन कुटुंबं असतील तर बिचारी उगाच महागड्या टप्प्यात जातात, त्यांना माणसं मोजून सूट द्या.

थोडा स्थिर आकार, म्हणजे पाणी कितीही वापरलं तरी भरायची ठरावीक रक्कम, ठेवाच. दर वाढला की लोक पाणी कमी वापरतात, वसुली घटते, पगार आणि हप्ते मात्र तेवढेच राहतात, त्यामुळे हिशोब कमी वापर धरूनच करा आणि दर दरवर्षी थोडा थोडा वाढवा, दहा वर्षांनी एकदम दुप्पट केला तर मोर्चा येणारच.