इंग्रजी वाक्यातला ‘रन’ कसा ओळखावा

ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या नव्या आवृत्तीत ‘रन’ या एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ आहेत. ते लावताना पीटर गिलिव्हर या संपादकांचे नऊ महिने गेले. तेव्हा पाठांतराच्या भानगडीत पडू नका. वाक्यातच खुणा असतात, त्या शोधा.

आधी पळतंय कोण ते बघा. माणूस किंवा कुत्रा असेल तर प्रश्नच नाही. यंत्र, दुकान, नाटक असेल तर ‘चालणे’ लावून बघा, बहुतेक वेळा जमतं. इंग्रजीत दुकान पळतं, आपल्याकडे ते चालतं. नदी, नळ आणि सर्दी झालेलं नाक मात्र वाहतं. ‘द शर्ट रॅन इन द वॉश’ म्हणजे धुताना शर्टाचा रंग गेला, आणि बहुधा शेजारच्या पांढऱ्या कपड्यांना लागलाही.

मग पुढचं कर्म बघा. ‘शी रन्स अ हॉटेल’ म्हणजे ती हॉटेल चालवते. पण पुढे ‘फीव्हर’ आला तर अंगात ताप आहे, ‘रेड लाइट’ आला तर सिग्नल तोडला.

खरी गोम आहे ती मागून चिकटणाऱ्या छोट्या शब्दात. क्रिकेटमुळे ‘रन आउट’ म्हटलं की आपल्याला धावचीतच आठवतो. पण ‘वी हॅव रन आउट ऑफ मिल्क’ म्हणजे घरातलं दूध संपलंय. ‘रन इनटू’मध्ये पुढचं नाम बघितल्याशिवाय निकाल देऊ नका: मित्र असेल तर अचानक गाठ पडली, भिंत असेल तर धडक बसली. ‘रन ओव्हर’चंही तेच. मीटिंग ‘रन ओव्हर’ झाली तर ती लांबली, माणूस झाला तर त्याच्या अंगावरून गाडी गेली. इथे घाई महागात पडते.

बोलणारा कुठला आहे हेही पाहावं. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीला ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये ‘स्टँड’. आपणही उभेच राहतो, त्यामुळे ‘शी इज रनिंग फॉर मेयर’ वाचून कुणाला पळवू नका. ती महापौरपदासाठी उभी आहे.

शेवटी, ‘रन’ नाम म्हणून आलाय का ते तपासा. बँकेवरचा ‘रन’ म्हणजे पैसे काढायला ठेवीदारांची उडालेली झुंबड. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेवर अशीच वेळ आली आणि ती बुडाली. आणि ‘ही हॅज द रन्स’ ऐकून ‘किती काढले?’ असं विचारू नका. बिचाऱ्याला जुलाब लागलेत.