हझानांचा स्मरणदिन: आधी तारीख, मग नाव, मग चाली

बेने इस्राएल या कोकणातल्या ज्यू समाजात रब्बी, म्हणजे धर्मगुरू, क्वचितच असत. नामकरण, लग्न, दफन, शब्बाथची (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाची) प्रार्थना, मुलांना बार मिट्झवासाठी (तेराव्या वर्षीच्या धर्मसंस्कारासाठी) तयार करणं, ही सगळी कामं हझान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, पाहत, तीही बऱ्याचदा दिवसाची नोकरी सांभाळून. अशा हझानांचा वार्षिक स्मरणदिन ठरवताना हॉल आणि पाहुणे नंतर बघा. तारीख आणि नाव आधी पक्कं करा.

निधनाची तारीख हिब्रू पंचांगाची धरतात आणि हिब्रू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. 10 जानेवारीला रात्री आठला निधन झालं असेल, तर हिब्रू तारीख 11 जानेवारीच्या दिवसाची. घोटाळा नेमका इथेच होतो, कारण मृत्यूच्या दाखल्यावरची तारीख घेतली जाते, वेळ कुणी विचारत नाही. वेळ घरच्यांना विचारा. ऐन तिन्हीसांजेची असेल, तर निर्णय जाणकारावर सोडा. दुसरी अडचण अदार महिन्याची. आपल्या अधिक मासासारखा हिब्रू पंचांगात 19 वर्षांत 7 वेळा जादा महिना येतो. त्या वर्षी अदार दोन. साध्या वर्षीच्या अदारमध्ये निधन झालेल्यांचा दिवस अधिक वर्षात सेफार्दी (मुळात स्पेन-पोर्तुगालच्या ज्यूंच्या) रीतीप्रमाणे दुसऱ्या अदारमध्ये पाळतात, अशकेनाझी (मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या) रीतीप्रमाणे पहिल्या. बेने इस्राएल सेफार्दी रीतीने चालतात. हिब्रू वर्ष 5787 अधिक आहे, म्हणजे 2027 चा वसंत. पुढच्या दहा वर्षांच्या इंग्रजी तारखा काढून ठेवा आणि प्रत्येकीपुढे 'आदल्या संध्याकाळपासून' असं लिहा.

प्रार्थनेत घेतात ते नाव हिब्रू, वडिलांच्या नावासह: अमुक बेन अमुक. कागदोपत्री सॅमसन असलेला माणूस इथे शिमशोन होतो. जुन्या पिढीत तर आणखी फरक. मुंबईच्या मांडवीत 1796 साली शहरातलं पहिलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर म्हणजे शमुएल, येहेझ्केलांचे पुत्र. नाव अंदाजाने ठरवू नका. केतुबा, म्हणजे लग्नाचा करारनामा, किंवा थडग्यावरचा लेख पाहा.

आदल्या दिवशी सूर्यास्तापूर्वी निदान चोवीस तास टिकणारा दिवा लावा. कद्दीश, म्हणजे मृतासाठी म्हणायची प्रार्थना, म्हणायला मिनियान लागतो, म्हणजे पारंपरिक रीतीने तेरा वर्षांवरचे दहा ज्यू पुरुष, एका जागी. व्हिडिओ कॉलवरचे त्यात धरत नाहीत. कोकणातल्या गावांत आता दहा जमवणं हीच मोठी अडचण. म्हणून बारा-तेरा जणांना आधीच शब्द घेऊन ठेवा, आणि गावात नाहीच जमले तर ठाणे किंवा मुंबईच्या सिनेगॉगमध्ये कद्दीश म्हणून थडग्याला वेगळी भेट द्या.

वाचनासाठी बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं 119 वं स्तोत्र घ्या. त्यात हिब्रूच्या 22 अक्षरांचे आठ-आठ चरण आहेत, एकूण 176. हिब्रू नावातल्या अक्षरांचे चरण क्रमाने वाचतात. मोशे या नावाला मेम (97 ते 104), शिन (161 ते 168) आणि हे (33 ते 40), असे 24 चरण होतात. त्यानंतर हश्काबा, म्हणजे मृताच्या शांतीची प्रार्थना, मग कद्दीश. भाषण एकच आणि आटोपशीर असावं. निसान या हिब्रू महिन्यात आणि हनुक्का या दिव्यांच्या सणात शोकभाषण करतच नाहीत.

पत्रक छापणार असाल तर हिब्रू मजकूर स्वतः तपासा. मराठी डीटीपीत चिकटवला की अक्षरं बऱ्याचदा उलट्या क्रमाने छापली जातात आणि छापखान्यात ते कुणाच्या लक्षात येत नाही. देवाचं पूर्ण हिब्रू नाव पत्रकात घालू नका, नाहीतर उरलेल्या प्रती रद्दीत देता येणार नाहीत. त्या जमिनीत पुराव्या लागतील.

दफनभूमीत शब्बाथ आणि सणांच्या दिवशी जात नाहीत. थडग्यावर फुलांऐवजी लहान दगड ठेवतात, बाहेर पडताना हात धुतात. पावसाळ्यानंतर शेवाळ आलेलं असेल तर पाणी आणि मऊ नायलॉनचा ब्रश पुरे. तारेचा ब्रश आणि अ‍ॅसिड अक्षरंच खातात. झिजलेला लेख टॉर्च बाजूने तिरकी धरून वाचा. काळ्या रंगाने अक्षरं 'उठवणं' टाळा, कारण चुकीचं वाचलेलं नाव मग कायमचं होतं.

आशीर्वादासाठी यायिन, म्हणजे द्राक्षाची वाइन, नसेल तर काळ्या मनुकांचं शरबत चालतं: पाव किलो मनुका, एक लिटर पाणी, रात्रभर भिजवून कुस्करायच्या आणि मलमलीतून गाळायचं. उष्ण हवेत ते दिवसभरात आंबतं, फ्रीजमध्ये ठेवा.

हझानांच्या सेवेतलं सर्वांत लवकर हरवतं ते त्यांच्या चाली. प्रार्थनापुस्तकात शब्द असतात, चाल नसते. सलिहोतची (क्षमायाचनेच्या प्रार्थनांची), योम किप्पूर या उपवासाच्या दिवसाच्या नेइलाची (शेवटच्या प्रार्थनेची), सिम्हात तोरा या सणाची चाल ज्यांना त्यांनी शिकवली ते शिष्य आज इस्राएलमधल्या लोद, दिमोना किंवा अश्दोदला असतील. स्मरणदिनाच्या निमित्ताने त्यांच्याकडून ध्वनिमुद्रण मागवा. शब्बाथ आणि सणाला मुद्रण करता येत नाही, म्हणून साध्या वारी घ्या. पंखा बंद, फोन तोंडापासून वीतभर लांब, एका फाइलमध्ये एकच चाल. गाण्याआधी गायकाने स्वतःचं नाव, सिनेगॉग, सण आणि चाल कुणाकडून शिकली ते सांगावं. सराव म्हणून गाताना देवाच्या नावाच्या जागी 'हाशेम' (म्हणजे 'ते नाव') म्हणतात. एकच चाल दोन शिष्य वेगळी गातात तेव्हा बरोबर कोण यावर वाद घालू नका, दोन्ही ठेवा. फाइलच्या नावात सण, प्रार्थना, गायक हा क्रम ठेवा आणि एक प्रत सिनेगॉगच्या ट्रस्टकडे, एक कुटुंबाकडे द्या.