जुन्या स्पोर्ट्स कारचे ब्रेक, चाकं आणि टायर बदलताय? या चुका टाळा

जुनी स्पोर्ट्स कार दारात आली की मोठ्या डिस्क, चार पिस्टनचे कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा भाग) आणि रुंद अलॉय यांची यादी लगेच तयार होते. एमजीबी असो की डॅटसन २४०झेड, "हिला ब्रेकच नाहीत" ही तक्रार ठरलेली. खरं तर यात डिझाइनचा दोष थोडा आणि थकलेल्या भागांचा जास्त असतो.

ब्रेक ऑइल चाकापर्यंत नेणारी रबरी नळी, म्हणजे होजच घ्या. बाहेरून ठणठणीत, आतून फुगून जवळपास बंद. पेडल दाबलं की तेल जोराने पलीकडे जातं, सोडल्यावर मात्र परत येत नाही. मग ते चाक धरून राहतं, तापतं, गाडी एका बाजूला ओढते आणि मालक नवे कॅलिपर मागवतो. ब्रेक ऑइलचंही तसंच. ते हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल धरल्यावर हाच आकडा १५५ च्या आसपास येऊ शकतो. लांब उतारावर पेडल एकदम पोकळ लागतं ते म्हणूनच. होज, सील, ऑइल आणि मागच्या ड्रमचं सेटिंग एवढं आधी करा आणि गाडी चालवून बघा. अर्ध्या लोकांची खरेदी इथेच थांबावी असं माझं मत आहे.

आधी टायर

रिकाम्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर सध्याच्याच ब्रेकने चाकं लॉक होत असतील, तर कमी पडतेय ती टायरची पकड. मोठी डिस्क उष्णता जास्त पचवते, त्यामुळे वारंवार ब्रेक लावताना तिचा उपयोग होतो. एकदाच थांबायचं अंतर तिने कमी होत नाही.

टायरच्या बाजूवर (साइडवॉलवर) छापलेल्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१४ म्हणजे २०१४ सालचा २३ वा आठवडा. तीनच आकडे दिसले तर टायर २००० च्या आधीचा आहे. नक्षी कितीही शिल्लक असो, काढा. माप निवडताना बाहेरचा व्यास सांभाळा. १६५ आर १४ (१६५ मिमी रुंद, १४ इंची रिमचा) टायरचा व्यास साधारण ६२५ मिमी. त्याजागी १५ इंची रिमवर १९५/५० (१९५ मिमी रुंद, बाजूची उंची रुंदीच्या ५० टक्के) चढवला तर तो ५७६ वर येतो: गाडी खाली बसते, स्पीडोमीटर फुगवून वेग दाखवतो, इंजिन उगाच जास्त फिरतं. १९५/६० घेतला तर ६१५, म्हणजे चालण्यासारखं.

रिम "बसली" म्हणजे बसली नाही

फियाट १२४ चं बोल्टचं वर्तुळ ९८ मिमीचं, बाजारात सहज मिळणाऱ्या अनेक रिम १०० च्या. हाताने ढकलली तर रिम बसल्यासारखी वाटते. बोल्ट आवळताना ते तिरके ओढले जातात आणि पुढे सैल होतात. बोल्टची किंवा नटची बैठक हीसुद्धा बघायची गोष्ट आहे. शंकूची बैठक असलेल्या रिमला गोल बैठकीचे नट लावले तर टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराला थांबा सांगणारा पाना) "कट" म्हणतो, पण नट कडेवरच टेकलेला असतो. मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर वेगात स्टेअरिंग थरथरतं आणि बॅलन्सिंगवाल्याला फुकट शिव्या बसतात. रिम बाहेर सरकवणारी चकती, म्हणजे स्पेसर लावलाच तर नट स्टडच्या (हबमधून बाहेर आलेल्या आटेदार दांड्याच्या) जाडीइतका तरी आट्यांवर चढायला हवा. १२ मिमीच्या, १.५ मिमी पिचच्या (दोन आट्यांमधलं अंतर) स्टडवर हे आठ पूर्ण फेरे होतात.

पेडल काय सांगतंय

नवे कॅलिपर लावले, हवा काढली, तरी पेडल मऊ? निपल (हवा काढायचा पोकळ स्क्रू) कुठे आहे ते बघा. हवा वर जाते, म्हणून निपल कॅलिपरच्या वरच्या टोकाला हवं. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला तरी बोल्ट बरोबर बसतात, डिस्क मोकळी फिरते. फक्त निपल खाली जातं. मग एकजण पेडल मारतोय, दुसरा पाना धरून बसलाय, नळीतून स्वच्छ तेल येतंय आणि एकही बुडबुडा नाही. हवा वर अडकलेली, ती खालून कशी निघणार?

पेडल कडक आहे पण खोल जातं, तेव्हा कारण वेगळं. मोठ्या पिस्टनना जास्त तेल लागतं आणि मास्टर सिलिंडर (पेडलने तेल ढकलणारा मुख्य पंप) मूळचाच आहे. पाऊण इंचाऐवजी ७/८ इंची लावला तर पेडल तेवढंच खाली गेल्यावर ३६ टक्के जास्त तेल जातं, पण पायाला जोरही तितकाच जास्त लावावा लागतो. बूस्टर (पायाचा जोर वाढवणारं यंत्र) नसलेल्या गाडीत हे फार जाणवतं.

मागच्या ड्रमच्या जागी डिस्क बसवली आणि चाकं हलकी धरून राहायला लागली, तर ड्रमसाठीचा दाब धरून ठेवणारा वॉल्व लाइनमध्येच राहिलाय का ते तपासा. मागचे ब्रेक पुढच्यांच्या आधी लॉक होत असतील तर दाब कमी करणारा वॉल्व मागच्याच लाइनमध्ये बसवायचा. मागे हँडब्रेकची सोय नसलेले कॅलिपर मात्र घेऊच नका.

सगळ्यात घातक चूक डोळ्यांना दिसत नाही. ३/८ इंची यूएनएफ (इंची मापाचे बारीक आटे) फिटिंग एम१० च्या (१० मिमी मेट्रिक आट्यांच्या) भोकात हाताने सहज फिरतं, थोडं धरतंही. व्यासात फरक जेमतेम अर्धा मिलिमीटर, आटेही जवळपास सारखे. पण जोरात ब्रेक मारला की ते निसटू शकतं. ब्रिटिश गाडीला जपानी किंवा जर्मन कॅलिपर लावताना प्रत्येक जोडाचे आटे पिच गेजने मोजा.